उभारीची दोन मिनिटं

११ एप्रिल

नाटक बंद, तालीम बंद, नाट्यगृहाला कुलूप — आणि आता म्हणे आम्ही लोकांना धीर द्यायचा! आम्ही!

सकाळी दिग्दर्शकाचा फोन. आवाजात एवढा उत्साह, जणू प्रयोग हाउसफुल्ल गेलाय. "अगं ऐक, एक संस्था आहे. त्यांना छोटे छोटे व्हिडिओ हवेत, दोन-दोन मिनिटांचे. संकटातून माणूस कसा उभा राहतो, यावर. मालिकेचं नाव उभारी. प्रत्येकाने आपल्या घरात, आपल्या मोबाइलवर करायचं. पहिली तू!"

म्हटलं, "उभं कोण राहिलंय? एक जण दाखव, मी हुबेहूब नक्कल करते."

"हेच! हा तिखटपणा नको आता. डोळ्यांत आशा आण."

डोळ्यांत आशा आण. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणायची राहिली असावी.

हो म्हणाले. नाही म्हणून करणार काय? महिनाभर भिंतींना संवाद म्हणून दाखवतेय. भिंती दाद देत नाहीत, पण निदान सूचनाही करत नाहीत.

१३ एप्रिल

पहिला व्हिडिओ झाला. भूमिका — घरात अडकलेली बाई खिडकीत रोप लावते आणि तिला जगण्याचा अर्थ सापडतो. आमच्याकडे रोप नाही. पालेभाजीची जुडी डब्यात खोचली आणि मुळाशी बटाट्याची सालं पसरली. मोबाइल पुस्तकांच्या ढिगावर, ढीग स्टुलावर, स्टूल पलंगावर. ऐन भरात आले तर वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली. परत. मग खालच्या बाईंची कुकरची शिट्टी. परत. मग मोबाइलच धाडकन खाली. मी जी शिवी हासडली ती सगळ्यात उत्तम रेकॉर्ड झाली — स्पष्ट, खणखणीत, पोटातून.

थांबायचं किती तेच कळत नाही. रंगमंचावर वाक्य टाकलं की समोरच्या काळोखातून काहीतरी परत येतं. खोकला येतो, हसू येतं, गेलाबाजार कुणीतरी वेफर्सची पिशवी वाजवतं. त्यावर पुढचं वाक्य बेततो आम्ही. इथे वाक्य टाकलं की ते टाकलेलंच राहतं.

१४ एप्रिल

दिग्दर्शकाचा निरोप — "छान. पण जरा कमी दुःखी."

रोपाकडे बघून मी दुःखी दिसले म्हणे. भाजीच होती ती. संध्याकाळी चिरून टाकली.

१७ एप्रिल

धाकटी बहीण आज उशिरा आली. आता तिचं घरी येणं म्हणजे एक सोहळाच — दार मी उघडायचं आणि लांब पळायचं, ती कशालाही न शिवता थेट न्हाणीघरात, कपडे साबणाच्या बादलीत, अंघोळ, मग आतल्या खोलीत. बाहेरची खोली माझी. मध्ये दार. दाराशी स्टूल, स्टुलावर मी ताट ठेवते आणि मागे सरते. मग ते दार वीतभर उघडतं.

आई होती तेव्हा म्हणायची, "एक नर्स झाली, एक नटी. दोघीही रात्रपाळीवाल्या! लोकांना सांगू तरी काय?" धाकटीचं लग्न मोडल्यावर ती इथेच राहायला आली, माझं जमलंच नाही. आई-बाबा गेल्यावर या दोन खोल्या आणि आम्ही दोघी. एरवी एकमेकींच्या तोंडी लागायला वेळ नसायचा. आता ती वॉर्डातून येते आणि मी कुठूनच येत नाही.

फटीतून तिचा आवाज. "आज काय केलंस?"

"सोमवारी रोप लावलं होतं. व्हिडिओसाठी."

"मग? रुजलं का?"

"खाल्लंस तू ते दुसऱ्याच दिवशी."

मग आतून हसण्याचा आवाज. मग मीही. किती दिवसांनी घरात कुणीतरी हसलं!

२२ एप्रिल

नवा भाग — परिचारिका. दिग्दर्शक फोनवर म्हणाला, "तुझ्या तर घरातच अस्सल माल आहे!"

अस्सल माल! अंगाचा तिळपापड झाला. फोन ठेवून दिला. आणि पाच मिनिटांनी मीच दाराच्या फटीशी जाऊन बसले. आम्हा नटांची जात अशी. कान टवकारलेच.

ती जेवत होती. सांगत गेली, मध्ये मध्ये घास घेत. "तो पोशाख घातला की पाणी प्यायचं नाही. मग लघवीला जावं लागतं, आणि काढला की तो टाकून द्यावा लागतो." "घाम बुटांत साठतो. चालताना पचपच वाजतं." असलंच सगळं. रडगाणं नव्हतं, बाजारातले भाव सांगावेत तसं.

मग म्हणाली, "सगळ्यात वाईट म्हणजे फोन."

"कसला फोन?"

"नातेवाइकांना आत सोडत नाहीत ना. मग व्हिडिओ कॉल. पेशंटच्या हातात जोर नसतो, म्हणून फोन मी धरते. मी सांगते, वर बघा, इकडे बघा. जरा हसा, घरचे बघतायत. तेही बिचारे हसतात. पलीकडून पोरं ओरडत असतात. मी हळूच सांगते, आटपा आता, पुढचा बेड थांबलाय. दोन-दोन मिनिटं." एक घास घेतला. "तुझ्यासारखंच, ताई. दिवसभर व्हिडिओच करते मी. त्यातले निम्मे शेवटचे असतात. ते मला माहीत असतं, घरच्यांना नसतं."

मी पाण्याचा तांब्या स्टुलावर ठेवला.

"मला आता कुणाचा फोन धरायचा नाही," म्हणाली. "बदलीचा अर्ज दिलाय. औषधांच्या भांडारात. खोकी मोजायची. खोक्यांना घरचे नसतात."

२३ एप्रिल

सकाळभर लिहिलं. बऱ्याच दिवसांनी लिहिताना बोटं थांबली नाहीत. एक नर्स खुर्चीत बसलीय, बूट काढतेय, आणि कुणालातरी सांगतेय. बस. ना रोप, ना खिडकी, ना उगवता सूर्य. शेवटचं वाक्य तिचंच — "मला आता कुणाचा फोन धरायचा नाही."

तिला विचारलं, "वापरू का?"

आधी तिने बादलीतले कपडे पिळले. मग — "वापर. निदान कुणीतरी ऐकेल."

२४ एप्रिल

दिग्दर्शकाला आवडलं! "जबरदस्त! काय लिहिलंस! अंगावर काटा!" एवढं कौतुक ऐकलं तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

"फक्त शेवट बघ. फोन नको गं. फोन कसा वाटतो! हात घे. आणि 'धरायचा नाही' असं नको. 'धरीन' कर. मी प्रत्येकाचा हात धरीन. बघ! काय वाक्य झालं!"

म्हटलं, "उलटं झालं."

"सकारात्मक झालं."

"अरे, ती नको म्हणतेय! थकलीय ती!"

"थकलेल्या बाईला बघून कोण उभं राहील? संस्थेला उभारी हवीय, तक्रार नकोय. आणि हे बघ, तू नाही केलंस तर दुसरी कुणीतरी करेल. ती तुझ्यासारखं करणार नाही, एवढंच."

आजवर जेवढ्या भूमिकांना हो म्हटलं, त्यातल्या निम्म्या या एका वाक्यावर म्हटल्या असतील. त्याला बरोबर ठाऊक आहे कळ कुठे आहे ती.

२६ एप्रिल

केला.

मास्कच्या वळांसाठी रंगकाकांना व्हिडिओ कॉल केला. आमच्या मंडळीचे रंगभूषाकार. माझ्या पहिल्या नाटकात मला म्हातारी त्यांनी केलं, आणि आता तरुण करतात तेही तेच. काकू गेल्यापासून एकटेच. फोन लागताच म्हणाले, "पोरी, किती दिवसांनी कुणाचं तरी तोंड रंगवायला मिळतंय!" मग तासभर शिकवणी. आधी लिपस्टिक बोटावर घेऊन गालावर रेघ, मग भुवयांच्या पेन्सिलीने तिची कड, मग सगळं पुसून पुन्हा, कारण "ताजं वाटतंय, शिळं दिसू दे." नाकाच्या हाडावर थोडं काजळ. शेवटी आरशात पाहिलं आणि दचकलेच. एवढं अस्सल.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. धाकटी, न्हाणीघरात निघालेली. माझ्याकडे बघून जागच्या जागी थबकली. पुढे आली, अंतर-बिंतर विसरून. हात उचलला.

"दुखतं का?"

आणि मग तिला कळलं. हात तसाच हवेत. आत गेली, दार लावून घेतलं.

फोनमधून काका विचारत होते, "कोण होतं गं?" मी कॉल तोडला. कॅमेरा लावला आणि लगेच केला. एका दमात. रडू खरं आलं — आणि मी ते वापरलं.

३ मे

व्हिडिओ पसरलाय. सगळीकडे. ज्या नात्यातल्या बायकांनी मी नाटकात गेले म्हणून बोलणं टाकलं होतं, त्यांचे निरोप — "अभिमान वाटतो." कुणी म्हणे तो लावून सकाळची कामं सुरू करतं. कुणी मुलांना दाखवतं. दिग्दर्शक दिवसातून चारदा फोन करतो, आकडे सांगायला.

आवडलं मला. खोटं कशाला लिहू? इथेही नाटक करायचं तर मग वही कशाला! दर थोड्या वेळाने फोन बघतेय. नवीन काय लिहिलंय, कुणी लिहिलंय.

धाकटीला विचारलं, "पाहिलास?"

"वेळ नाही झाला."

बरं वाटलं. तिने पाहू नये असंच वाटत होतं.

८ मे

पाहिला तिने. पाहावा लागला.

हॉस्पिटलात जिथे या मुली कपडे बदलतात तिथे एक टीव्ही आहे. ड्युटीवर जाण्याआधी आता रोज माझा व्हिडिओ लावतात. सक्तीने. ही आज मेट्रनकडे बदलीच्या अर्जाचं विचारायला गेली. मेट्रन म्हणाली, "अगं, एवढी स्फूर्ती घरात असताना तू पळायचं म्हणतेस? बहिणीकडे बघ जरा. प्रत्येकाचा हात धरीन म्हणतेय ती!"

हे सगळं तिने फटीतून सांगितलं. रागावून नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"मी तुला दुसरं वाक्य दिलं होतं, ताई."

ताट तसंच होतं स्टुलावर. झाकून ठेवलं.

९ मे

दिग्दर्शकाला म्हटलं, काढून टाक.

"काय?"

"व्हिडिओ. काढ. माझ्या बहिणीला त्रास होतोय."

"अगं, ते आता आपलं राहिलं नाही. लोकांचं झालं ते."

"लोकांचं कसलं! माझं तोंड आहे त्यात! वाक्य तिचं होतं, ते तू उलटवलंस आणि मी बोलले!"

"तू दमलीयस. विश्रांती घे. आणि पुढच्या भागाचा विचार कर. शिक्षिका करूया का?"

माझ्या तोंडून काय काय गेलं ते इथे लिहीत नाही. खालच्या बाईंनी खिडकी लावून घेतली एवढंच. मंडळीच्या ग्रुपमधून बाहेर पडले. एवढी वर्षं! एका बोटाने बाहेर. तिथे लगेच चर्चा सुरू झाली असणार की हिला यश झेपलं नाही.

१२ मे

धाकटी बोलत नाही. ताट घासून, पुसून स्टुलावर परत येतं. त्यापेक्षा आपटलं असतं तरी चाललं असतं.

१५ मे

खरा व्हिडिओ केला. रंग नाही, वळ नाहीत, रडू नाही. खुर्चीत बसले आणि तिने सांगितलं होतं ते तिच्या शब्दांत सांगितलं. फोनचं. "वर बघा, जरा हसा." शेवटचं वाक्य तिचंच.

दाराशी जाऊन म्हटलं, "एकदा बघतेस? तुला चालला तरच टाकते."

बऱ्याच वेळाने दार उघडलं. फटीत तिचा अर्धा चेहरा. तिचे वळ आता जातच नाहीत. गालांवर तपकिरी पट्टे पडलेत.

"ताई, मला आता कुठल्याच व्हिडिओत घालू नकोस. खोट्या नाही, खऱ्याही नाही."

पुसून टाकला. तिच्या समोर, बोट दाबून दाखवलं. तिने मान हलवली. हे सगळं झाल्यावर विचारलं, "चहा आहे का?" दोन कप केले. एक स्टुलावर ठेवला. मी जमिनीवर बसून प्यायले, ती पलीकडे.

१९ मे

आज काय झालं ते नीट लिहिते, कारण उद्या मीच त्याला वेगळा रंग देईन.

दुपारी कळलं की रंगकाकांना ॲडमिट केलंय. तीन-चार दिवस ताप अंगावर काढला. शेवटी शेजाऱ्याने नेलं. धाकटीच्याच हॉस्पिटलात, तिच्याच वॉर्डात. घरचं कुणी नाही, कुणाला आत सोडतही नाहीत. मी येरझाऱ्या घालत होते ती येईपर्यंत.

ती आली, अंघोळ केली, आणि दार आज वीतभर नाही, चांगलं हातभर उघडलं. हसत होती! किती दिवसांनी!

"ताई, मंजूर झाली! एका डॉक्टरांनी शब्द टाकला माझ्यासाठी. सोमवारपासून भांडारात!"

आणि मी काय म्हणाले?

"रंगकाका तुझ्या वॉर्डात आहेत."

"हो. पाहिलं त्यांना. ऑक्सिजन लावलाय. सगळे बघतायत त्यांच्याकडे."

"थोडे दिवस थांब ना. ते बरे होईपर्यंत. त्यांना कुणी नाही गं. तू तिथे असलीस तर… त्यांचा फोन धर. हात धर त्यांचा."

तोंडातून गेलं आणि मग मला ऐकू आलं. या वेळी वाक्य कुणी लिहून दिलं नव्हतं. दिग्दर्शक नव्हता, संस्था नव्हती. माझंच होतं.

तिचं हसू लगेच नाही गेलं. चुलीवरचं भांडं उतरवल्यावर उकळी जशी हळूहळू बसते, तसं बसलं. मला परत घेता आलं असतं. "नको, जा तू" — तीन शब्द. नाही बोलले. कारण मला खरंच हवं होतं तिने थांबावं.

"बरं," म्हणाली.

दार लावलं. आपटलं नाही.

२५ मे

रोज संध्याकाळी बातमी मागते. लाज सोडून.

"कसे आहेत?"

"तसेच. ऑक्सिजन वाढवलाय."

"भेटलीस?"

"हो."

"हात…"

"धरला, ताई."

मग मी जेवते, झोपते. दिग्दर्शकाने मला एकदाही एवढं पिळून घेतलं नसेल.

२९ मे

काकांचा व्हिडिओ कॉल आला! पडद्यावर आधी छत, मग दिव्याची पट्टी, मग हातमोज्यातली दोन बोटं, मग काका. तोंडावर नळीचा मास्क. केस पांढरेफटक. कलप लावायचे ते, मला एवढ्या वर्षांत कळलं नव्हतं! रंगकाका ते, कळू कसे देतील?

आयुष्य संवाद म्हणण्यात गेलं आणि एक वाक्य सुचेना. शेवटी तेच माझ्याकडे निरखून बघत होते. ओठ हलले. मास्कमुळे कळेना. बोटं फोन घेऊन जवळ गेली. तेव्हा कळलं.

"डोळ्यांखाली काळं झालंय पोरी. झाक ते."

मी हसले. ते दमले. बोटांनी फोन हळूच वळवला आणि बंद केला. घाई केली नाही. "आटपा" म्हटलं नाही.

संध्याकाळी धाकटीला म्हटलं, "केवढा वेळ धरलास! हात दुखला असेल."

"सवय आहे," म्हणाली. खांदा चोळत होती.

३० मे

दिग्दर्शकाने दुसऱ्या नंबरवरून निरोप पाठवलाय. रंगकाकांवर भाग करायचाय. "पडद्यामागचा योद्धा. तुझं त्यांच्याशी बोलणं झालं असं कळलं. कॉल रेकॉर्ड केला होतास का?"

वाचून दोन वेळा चूळ भरली. तो नंबरही ब्लॉक करून टाकला.

४ जून

धाकटी न्हाणीघरात गुणगुणत होती. सूर चुकलेला, पण गुणगुणत होती! ताटात वाढलेलं सगळं संपवते. काल म्हणाली, मीठ कमी आहे. चवही लागतेय. गालांवरचे पट्टेही फिके झालेत.

म्हणजे माणसाला सवय होते? म्हणजे तो मूर्ख म्हणत होता तेच खरं — माणूस उभा राहतो? मी तिला त्या वॉर्डात ढकललं आणि ती गाणं म्हणत बाहेर येते? मला आनंद व्हायला हवा. झाला नाही. उलट चिडचिड झाली. तिने मोडायला हवं होतं असं नाही, पण तिला निदान माझा राग तरी यावा. एवढं सहज कुणाला जमू नये.

आज पुन्हा विचारलं, "माझ्यावर रागावलीयस ना?"

"कशाबद्दल?"

"थांबवलं तुला म्हणून."

फटीतून माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. "नाही गं ताई. खरंच नाही." असं बोलली की मलाच अपराध्यासारखं वाटलं. विषय बदलून भाजीचं विचारलं.

९ जून

ऑक्सिजन काढला! धाकटीने दारातूनच ओरडून सांगितलं, बूटही काढायच्या आधी. "आज अर्धी पोळी खाल्ली त्यांनी! आणि वॉर्डातल्या एका मुलीला सांगितलं की तुझ्या भुवया कमानदार आहेत, मास्कमध्ये फुकट जातायत!"

जीव भांड्यात पडला. तिला मिठी मारायला धावले आणि मध्येच थांबले. स्टुलाला धडकले. गुडघा सुजलाय.

१३ जून

काका घरी आले. शेजाऱ्याने कळवलं. बोलायला दम पुरत नाही अजून, दोन-तीन दिवसांनी फोन करतील.

धाकटीला म्हटलं, "तू वाचवलंस त्यांना."

"मी कुठे. सगळ्यांनी."

"आता घे बदली. आता मी काही म्हणणार नाही."

"बघू," म्हणाली.

मोठ्या मनाने परवानगी देतेय मी! जसं तिचं आयुष्य माझ्या तारखांवर चालतं.

१६ जून

काकांचा फोन आला. आवाज फाटलेला, मध्ये मध्ये धाप. मी आभार मानायला लागले — धाकटी तुमच्यासाठी थांबली, तिने तुमचा हात धरला.

"तुझी बहीण?" काका म्हणाले. "पहिले चार-पाच दिवस होती. मग सोमवारी विचारलं तर पोरी म्हणाल्या, ती गेली भांडारात. फोन धरायची ती दुसरीच, उंच मुलगी. तिला मात्र तुझ्या बहिणीचा रोज फोन यायचा हं, संध्याकाळी. काय खाल्लं, काय बोलले, सगळं विचारून घ्यायची."

संध्याकाळी धाकटी आली. कपडे साबणाच्या बादलीत टाकले. अंघोळ करून दाराच्या चौकटीला टेकली, डोळे मिटून, अगदी पिळून निघालेल्या माणसासारखी.

"दमलीस?" मी विचारलं.

"खूप. आज वॉर्ड भरलेला होता."

मी ताट वाढलं. काही बोलले नाही. बोलणारही नाही.